अँपिअर किती आणि कसले: मशीनसाठी कॉन्टॅक्टर, रिले आणि स्विच निवडताना

कुठल्याही बऱ्या कंपनीचा छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने कॉन्टॅक्ट ओढून मोटर किंवा हीटर चालू-बंद करणारा स्विच, हातात घ्या आणि बाजूला छापलेली बारीक अक्षरं वाचा. एसी-३ समोर ९ अँपिअर, एसी-१ समोर २० किंवा २५ अँपिअर. वस्तू एक, आकडे दोन. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लोहार चाळीत काय, काउंटरवर मागणी मात्र "पंचवीस अँपिअरचा कॉन्टॅक्टर द्या" एवढीच होते आणि दुकानदार त्याला जे समजलं ते देतो. तो हीटरवर लागला तर वर्षानुवर्षं कुरकुर करणार नाही. पण मोटर एकवीस अँपिअरची आहे, म्हणजे पंचवीसचा पुरेल, असा हिशेब करून तोच पंधरा एचपीच्या मोटरवर लावला, तर थोड्याच दिवसांत त्याचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून बसतील. मग स्टॉप दाबा, नाही तर कंट्रोल सप्लाय काढा, मोटर फिरतच राहते.

एसी-१, एसी-३ ही लोडची, म्हणजे कॉन्टॅक्टर जे चालवतो त्याची, जात आहे. स्विचगिअरसाठी जगभर आयईसी ६०९४७ हे मानक चालतं आणि आपल्याकडे तेच आयएस/आयईसी ६०९४७ या नावाने लागू आहे. त्यात लोडचे वर्ग पाडलेले आहेत. एसी-१ म्हणजे सरळमार्गी लोड: ओव्हन, भट्टी, हीटर. चालू करताना जेवढा करंट, बंद करतानाही तेवढाच. एसी-३ म्हणजे आपली रोजची स्क्विरल केज मोटर. चालू करायची, पूर्ण वेगात येऊ द्यायची, मग बंद करायची. एसी-४ मध्ये मोटर तीच असते, पण तिला वेगात येऊच देत नाहीत: इंचिंग, जॉगिंग (टिचकी-टिचकीने थोडी सरकवणं), फिरत असतानाच उलटी फिरवणं.

फरक किती पडतो ते एका मोटरवर पाहू. ७.५ एचपी, म्हणजे ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट. नेमप्लेटवर साधारण ११ अँपिअर लिहिलेले असतात. डीओएल स्टार्टरने, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, ती चालू केली की पहिल्या क्षणी रोटर जागचा हललेला नसतो आणि मोटर सहा-सात पट करंट ओढते. म्हणजे ६५-७५ अँपिअर. वेग आला की तो ११ वर उतरतो. बंद करताना मात्र कॉन्टॅक्टरला सुख असतं. फिरती मोटर आतून स्वतःचं व्होल्टेज तयार करत असते, त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडतात त्या क्षणी त्यांच्या दोन टोकांमध्ये पूर्ण ४१५ व्होल्ट येत नाहीत. मानकात एसी-३ ची आयुष्याची चाचणी १७ टक्के व्होल्टेजवर धरली आहे, म्हणजे सुमारे ७० व्होल्ट. अकरा अँपिअर, सत्तर व्होल्ट, ठिणगी बारीक.

आता हीच मोटर होइस्टवर, म्हणजे माल उचलणाऱ्या यंत्रावर, लावा. माल बरोबर जागेवर बसवायला ऑपरेटर बटण टकटक दाबतो. मोटर अजून वेग घेते आहे तोवर सप्लाय तुटतो, म्हणजे कॉन्टॅक्टर ६५ अँपिअर पूर्ण ४१५ व्होल्टवर तोडतो, तेही दर टिचकीला. एसी-३ च्या कामात जो कॉन्टॅक्टर दहा लाखांहून जास्त वेळा चालतो, त्याचं आयुष्य एसी-४ मध्ये काही दहा हजार वेळांवर येतं. कॅटलॉगच्या मागच्या पानांवर याचे आलेख असतात आणि ती पानं सहसा कोणी उलटत नाही. कन्व्हेयरला १२ अँपिअर एसी-३ चा कॉन्टॅक्टर ठीक. होइस्टला त्याच मोटरसाठी दोन-तीन पायऱ्या वरचा घ्यावा लागतो. "एक साइज वरचा टाका" हा सरसकट सल्ला मला आवडत नाही. कन्व्हेयरला तो फुकटचा खर्च आहे आणि होइस्टला अपुरा.

कपॅसिटर बँकेचं प्रकरण याहून वाईट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) घसरला की वीजबिलात बसतं, म्हणून एमआयडीसीतल्या बहुतेक शेडमध्ये एपीएफसी पॅनेल असतं, जे कपॅसिटर जोडून तो आपोआप सुधारतं. त्यात आधीचे कपॅसिटर चालू असताना पुढचा जोडला की आधीचे सगळे क्षणभर नव्यात करंट ओततात. हा झटका कपॅसिटरच्या नेहमीच्या करंटच्या शंभर पटींच्याही वर जाऊ शकतो. म्हणून कपॅसिटर ड्यूटीचा वेगळा कॉन्टॅक्टर येतो. त्याच्या डोक्यावर रेझिस्टन्सच्या वायरींची वेटोळी दिसतात. मुख्य कॉन्टॅक्ट मिळण्याआधी करंट त्यांतून जातो आणि झटका दबतो. या वर्गाचं नाव एसी-६बी. साधा कॉन्टॅक्टर इथे लावणं म्हणजे पैसे वाचवणं नव्हे. काही महिन्यांत त्याचे कॉन्टॅक्ट वेल्ड होतात.

कॉइलकडे लोक फारसं बघत नाहीत, व्होल्टेज जुळलं की झालं असं वाटतं. मानकानुसार कॉन्टॅक्टर आपल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांमध्ये नीट ओढला गेला पाहिजे. २३० व्होल्टच्या कॉइलला ही खालची हद्द १९५ व्होल्टच्या आसपास येते. गावाकडच्या फीडरवर, किंवा शेडमध्ये मोठी मोटर सुरू होताना, व्होल्टेज याहून खाली जातं. मग कॉन्टॅक्टर धड धरतही नाही आणि सोडतही नाही, तडतडत राहतो. प्रत्येक तडतडीत कॉन्टॅक्ट उघडझाप करतात, तेही मोटरच्या सुरुवातीच्या सहापट करंटवर. जळालेले कॉन्टॅक्ट पाहून कंपनीला शिव्या घालण्याआधी कॉइलवर मीटर लावून मोटर स्टार्ट होतानाचं व्होल्टेज बघावं. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लहान पडला तरी हेच होतं, कारण एसी कॉइल ओढताना जेवढे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेते ते धरून ठेवतानाच्या व्हीएच्या आठ-दहा पट असतात. ट्रान्सफॉर्मरचा हिशेब धरून ठेवण्याच्या आकड्यावर केला की फसलात.

तडतड वेगळी आणि घुर्रर्र आवाज वेगळा. एसी कॉइलच्या लोखंडी गाभ्याच्या तोंडावर तांब्याची एक छोटी कडी बसवलेली असते, शेडिंग रिंग. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या प्रत्येक क्षणी गाभ्याची पकड सुटू पाहते. ही कडी ती टिकवून धरते. कडी तुटली किंवा गाभ्याच्या तोंडावर धूळ-ग्रीस बसलं की कॉन्टॅक्टर घुरघुरतो आणि कॉइल तापते. तोंड पुसून आवाज गेला तर ठीक, नाही तर बदला. गाभ्याच्या तोंडाला पॉलिश पेपर मारू नका. ते मुळात घासूनच तयार केलेलं असतं आणि हाताने घासून ते सपाट राहत नाही.

उलटा त्रासही होतो: कॉइल सोडतच नाही. पुश बटण पॅनेलपासून दोन-तीनशे मीटर लांब असेल तर त्या लांब केबलच्या वायरींमध्येच कपॅसिटन्स तयार होतो. स्टॉप दाबूनही त्यातून थोडा एसी करंट वाहत राहतो आणि छोट्या कॉन्टॅक्टरची कॉइल तेवढ्यावर धरून राहू शकते. दोन वायरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आल्याचं ओळखणारा) बंद असतानाही एखाद-दोन मिलीअँपिअर गळतो, त्याने बारीक रिले, म्हणजे कॉन्टॅक्टरसारखाच पण छोट्या करंटचा स्विच, सुटत नाही. अशा वेळी लोक रिले बदलत बसतात. उपाय असतो कंट्रोल व्होल्टेज २४ व्होल्ट डीसी करणं, किंवा कॉइलला समांतर योग्य रेझिस्टन्स लावणं.

ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटर जादा करंट ओढत राहिली की तिला बंद पाडणारा रिले, याबद्दल जरा सविस्तर, कारण मोटर जळण्याची निम्मी कहाणी त्याच्या डायलवर लिहिलेली असते. डायल नेमप्लेटच्या करंटवर ठेवायचा, वर नाही. ११ अँपिअरच्या मोटरला ९ ते १४ ची रेंज घ्यावी, म्हणजे सेटिंग मधोमध येतं. स्टार-डेल्टामध्ये (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेण्याची पद्धत) ओव्हरलोड रिले बहुतेक वेळा मोटरच्या फेज वायंडिंगच्या वाटेवर असतो. तिथून लाइन करंटच्या फक्त ५८ टक्के करंट जातो. २१ अँपिअरच्या मोटरला सेटिंग १२ च्या थोडं वर हवं. तिथे २१ ठेवलेलं पॅनेल दिसलं की समजावं, मोटरला ओव्हरलोड संरक्षण नाही.

त्यानंतर येतो ट्रिप क्लास, म्हणजे रिले किती वेळात पडतो त्याचा वर्ग. क्लास १० चा रिले सेटिंगच्या ७.२ पट करंटवर ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो, क्लास २० चा ६ ते २० सेकंदांत, क्लास ३० चा ९ ते ३० सेकंदांत. पंप, कन्व्हेयर, लेथ दोन-चार सेकंदांत वेग घेतात, त्यांना क्लास १० ठीक. पण मोठा ब्लोअर, जड फ्लायव्हीलची प्रेस किंवा क्रशर वेगात यायला पंधरा सेकंद घेतो. तिथे क्लास १० लावला की प्रत्येक स्टार्टला ट्रिप. मग रात्रपाळीचा वायरमन डायल फिरवून वर करतो, मशीन चालतं, सगळे खूश. पुढे कधीतरी बेअरिंग जाम होतं, रिले गप्प बसतो आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. बिल वायरमनच्या नावावर लागतं, चूक मात्र खरेदीच्या वेळची असते.

ओव्हरलोड रिले शॉर्ट सर्किट थांबवत नाही, तो त्या कामासाठी सावकाश आहे. त्याच्या मागे फ्यूज, एमपीसीबी (खास मोटरसाठीचा सर्किट ब्रेकर) किंवा एमसीबी लागतो. एमसीबी घेतला तर कर्व्ह बघा. सी कर्व्हचा पाच ते दहा पट करंटवर झटक्यात पडतो, म्हणजे मोटरच्या स्टार्टलाही पडू शकतो. मोटरसाठी डी कर्व्ह, जो दहा ते वीस पटींत पडतो, किंवा सरळ एमपीसीबी. कॅटलॉगमध्ये टाइप १ आणि टाइप २ कोऑर्डिनेशन असे शब्द येतात. टाइप १ मध्ये शॉर्ट सर्किट तुटतं, पण स्टार्टर निकामी होऊ शकतो. टाइप २ मध्ये स्टार्टर पुन्हा वापरता येतो. कॉन्टॅक्ट हलके चिकटले तर सुटे करायचे, बस. यासाठी फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड यांची जोडी कंपनीने तपासलेल्या तक्त्यातलीच घ्यावी लागते. तिन्ही वस्तू तीन दुकानांतून गोळा करून टाइप २ मिळत नाही.

आता पॅनेलमधल्या त्या पारदर्शक ठोकळ्यांकडे येऊ, आठ पिन, अकरा पिन, चौदा पिनचे रिले. त्यांच्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. हे दहा अँपिअरही हीटरसारख्या लोडचेच. सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची तर एसी-१५ चा, म्हणजे एसी कॉइलच्या लोडचा, आकडा बघायचा, आणि तो दहापेक्षा बराच खाली असतो.

डीसीमध्ये खरी फसगत होते. एसी करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे ठिणगी आपोआप विझायला संधी मिळते. डीसीला शून्यच नाही. कॉन्टॅक्ट उघडले तरी ठिणगी हवेतून वाहत राहते, अंतर पुरेसं झालं नाही तर विझतच नाही. जो रिले २४ व्होल्ट डीसीला दहा अँपिअर सहज तोडतो, तोच ११० व्होल्ट डीसीला अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो, आणि लोड कॉइलचं असेल तर आणखी कमी. सबस्टेशनमध्ये किंवा जुन्या कारखान्यात बॅटरीचा ११० किंवा २२० व्होल्ट डीसी कंट्रोल सप्लाय असतो, तिथे साधा ठोकळा रिले लावला की त्याच्या आवरणावर आतून काळं धरलेलं दिसतं. इलाज म्हणजे डीसी-१३ चा (डीसी कॉइलच्या लोडचा) आकडा पाहून रिले घेणं, दोन कॉन्टॅक्ट एकामागोमाग सिरीजमध्ये जोडणं, किंवा आत लोहचुंबक असलेला रिले घेणं, जो ठिणगी बाजूला फेकतो.

डीसी कॉइल बंद करताना ती उलट्या दिशेने शेकडो व्होल्टचा झटका देते. हा झटका पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचं) ट्रान्झिस्टर आउटपुट मारून टाकतो. म्हणून कॉइलवर डायोड उलटा लावायचा, पट्टी असलेलं टोक प्लसकडे. एक किंमत मोजावी लागते: डायोडमुळे कॉइलमधला करंट रेंगाळतो आणि रिले किंवा सोलेनॉइड उशिरा सुटतो. होइस्टच्या ब्रेकसारख्या ठिकाणी हा उशीर चालत नाही; तिथे डायोडसोबत झेनर डायोड लावतात, म्हणजे करंट लवकर संपतो.

छोट्या करंटची अडचण उलट टोकाची, म्हणून ती सापडायला वेळ लागतो. पीएलसीच्या इनपुटला २४ व्होल्ट आणि पाच-सात मिलीअँपिअर लागतात. पॉवरच्या रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि चांदीवर काळपट थर चढतो. मोठा करंट तोडताना ठिणगीने हा थर जळून जातो. पाच मिलीअँपिअरला ठिणगीच नाही, त्यामुळे थर तसाच राहतो आणि सिग्नल कधी येतो, कधी नाही. मीटरने तपासलं की बरोबर दाखवतो, मशीनवर लावलं की दगा. साखर कारखाना, डिस्टिलरी, सांडपाण्याचा प्लांट, जिथे हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, तिथे हा त्रास लवकर सुरू होतो. सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या कॉन्टॅक्टचा रिले घ्यावा. त्याच रिलेवर एकदा जरी मोठा लोड चालवला की मुलामा उडाला, मग तो सिग्नलच्या कामाचा राहिला नाही.

प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर बॅरलचे हीटर तापमान सांभाळणारा पीआयडी कंट्रोलर सतत चालू-बंद करतो. दर दहा सेकंदांनी एकदा धरलं तर तासाला ३६०, दिवसाला ८,६४०. दहा लाख वेळा चालणारा कॉन्टॅक्टर इथे चार महिन्यांत संपतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. इथे एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले हवा. त्यात हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. पण त्याच्या आत चालू असताना सव्वा व्होल्टच्या आसपास व्होल्टेज पडतं. २५ अँपिअरला ते तीस वॅट उष्णता होते. पॅनेलच्या पत्र्यावर नुसता स्क्रूने बसवला तर तो जळणारच, हीट सिंक आणि थर्मल पेस्ट हवी. आणि एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर कायमचा चालू. त्यासाठी त्याच्या आधी एक साधा कॉन्टॅक्टर ठेवायचा, जो जादा तापमानाच्या वेगळ्या थर्मोस्टॅटने पडतो. कोटेशनमधून सगळ्यात आधी काढली जाणारी वस्तू हीच. काढू देऊ नका.

इमर्जन्सी स्टॉपबाबत तडजोड नाही. लाल मशरूम, मागे पिवळी पार्श्वभूमी, दाबल्यावर तिथेच अडकणारा, आणि कॉन्टॅक्ट एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर उघडणारा). एनसी अशासाठी की वायर तुटली, टर्मिनल सैल झालं तरी मशीन थांबतं. एनओ (एरवी उघडा, दाबल्यावर जोडणारा) लावला तर वायर तुटल्याचं कळणार ते बटण दाबूनही काही झालं नाही तेव्हा. कॉन्टॅक्टच्या ठोकळ्यावर वर्तुळात बाणाची छोटी खूण शोधा. तिचा अर्थ असा की कॉन्टॅक्ट चिकटला असला तरी बटणाचा जोर त्याला यांत्रिक रीतीने उघडतो, स्प्रिंगवर अवलंबून राहत नाही. ही खूण ओव्हरट्रॅव्हल लिमिट स्विचवरही (मशीनचा भाग हद्दीबाहेर गेला की थांबवणारा) पाहिजे.

पॉवर प्रेसवर दोन हातांची बटणं असतात, दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. दोन बटणं नुसती सिरीजमध्ये जोडली की कामगार एकाला चिंधी किंवा चिकटपट्टी बांधून ठेवतो आणि एक हात मोकळा करतो. पीसरेटचा दबाव असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. टू-हँड रिले नावाची वस्तू यासाठीच बनलेली आहे: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. बांधलेलं बटण तिला लगेच कळतं. यात वापरलेल्या सेफ्टी रिलेचे कॉन्टॅक्ट एकाच पट्टीने जखडलेले असतात. एनओ चिकटला तर एनसी बंद होऊच शकत नाही, आणि सर्किट बिघाड ओळखून मशीन पुन्हा चालू होऊ देत नाही. साधा ठोकळा रिले लावून "सेफ्टी सर्किट" लिहिलेली पॅनेल सर्रास दिसतात.

शेवटी जागा. मानकातले आकडे कमाल ४० अंश तापमान आणि दिवसभराची सरासरी ३५ अंश धरून दिलेले असतात. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ असतात, बंद पॅनेलच्या आत आणखी दहा-पंधरा. तिथे थर्मल ओव्हरलोड लवकर ट्रिप होऊ लागतो, एसएसआरची क्षमता घटते, आणि कॅटलॉगमधला डीरेटिंगचा (तापमानानुसार क्षमता कमी धरण्याचा) आलेख पाहावा लागतो. कोकणपट्टीत उष्णतेपेक्षा दमट खारी हवा त्रास देते: टर्मिनल हिरवी पडतात, लिमिट स्विचची प्लंजर अडकते. मशीनवर लागणाऱ्या स्विचला आयपी ६५ पाहिजे. कूलंट उडत असेल तर आयपी ६७. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पण आयपी ६७ चा स्विच घेऊन त्याला केबल ग्लँड न लावता वायर तशीच आत खुपसली तर कूलंट वायरीच्या कडेनेच आत शिरतो.